बोलिव्हियाचा कापूस

नोकरीभर मी आदिलाबादच्या शाळेत भूगोल शिकवला. बोलिव्हियाच्या वाट्याला पुस्तकात दीड ओळ होती: देश डोंगराळ, समुद्र नाही. ती उरकून आम्ही लगबगीनं ब्राझीलकडे वळायचो. त्या दीड ओळीतून माझा जावई निघेल असं कुणी सांगितलं असतं, तर धडा जरा नीट वाचला असता.

लेक कंपनीच्या कामाला तिकडे गेली आणि तिथलाच मुलगा पसंत करून बसली. मी आधी रागावले, मग फोटो पाहिले, मग राग ओसरला. मुलगा सज्जन दिसत होता. खरा प्रश्न माझ्या थोरल्या भावाचा होता. दादा नेरडीगोंड्याजवळ शेती करतो. आमच्याकडे नवरीला मांडवात मामा आणतो. मामा रुसला तर लग्न लागतं, पण त्याला लग्न म्हणवत नाही. लेकीनं तर सांगूनच टाकलं, मामा नाही तर लग्न नाही.

म्हणून ती मुलाला घेऊन आली आणि मी दादाला बोलावलं. पाहुणा आंघोळीला गेला होता, तोवर लेकीनं मामाला मोबाइलवर फोटो दाखवले. नजर पोचेल तिथवर पांढरंशुभ्र, मधे टोकदार ढीग, आणि एका ढिगावर आमचा होणारा जावई हात पसरून उभा.

दादानं चष्मा लावला. "इतला कापूस उघड्यावर काऊन टाकला? वरून पानी आलं म्हंजे?" मग त्याचं बोट फोटोतल्या बुटांवर थांबलं. "आन हा पायातलं घालून लक्ष्मीवर चढला?"

"मामा, कापूस नाही, मीठ आहे ते. तिकडे मिठाचं मैदानच आहे. पावसाळ्यात त्यावर पाणी साचतं, मग अख्खं आभाळ खाली दिसतं."

मला वाटलं, सुटलो. पण दादाचा चेहरा आणखी उतरला. कापसावर चढणं एकवेळ पोरकटपणा म्हणून सोडता आलं असतं.

"मंग पिकते काय त्या खाऱ्या जमिनीत?"

"तिथं काहीच नाही."

"आन पोरगी आमी तिथं द्याची."

लेक घाबरली आणि सुचेल ते सांगत सुटली. शहरात लोक तारेवरच्या पाळण्यांत बसून कामाला जातात. समुद्र नाही, पण नौदल आहे. बायका दोन वेण्या घालून वर गोल टोपी घालतात. बटाटे रात्रीच्या गारठ्यात गोठवतात, पायांनी तुडवतात, वाळवतात, ते वर्षानुवर्षं टिकतात.

"आलू पायानं तुडवतेत?" दादा म्हणाला. मी लेकीला डोळ्यांनी खुणावत होते, की बाई, आता पुरे कर.

तेवढ्यात मुलगा आला. वाकून नमस्कार केला. मी चहाचा कप दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, खाली वाकला, पहिला घोट माझ्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर ओतला आणि उरलेला हसतमुखानं प्यायला.

"चा नाई आवडला तर सांगावं," दादा उठत म्हणाला. "सांडून काऊन राह्यला?"

"मामा, तिकडची रीत आहे ती," लेक सांगू लागली, पण मामानं चप्पल घातली होती. मीही चिडले होते, खोटं कशाला बोलू. रीत असेल तर अंगणात करावी.

दुसऱ्या दिवशी मीच दोघांना घेऊन शेतावर गेले, तेही मुद्दाम जेवणाच्या वेळेला. जेवायच्या वेळी आलेल्याला दादा परत पाठवत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. वेचणी चालू होती. मोहाच्या झाडाखाली शिदोरी सुटली. दादानं आमच्याकडे न बघताच भाकरी दिली, ठेचा दिला, ताक दिलं. मग आपल्या भाकरीचा पहिला तुकडा मोडून काळ्या मातीवर टाकला. आमचे वडीलही टाकायचे. जन्मभर पाहिलेली गोष्ट, तिकडे कोण लक्ष देतो?

मुलानं दिलं. त्यानं ताकाचा पेला उचलला, वाकला आणि त्या तुकड्याच्या शेजारी पहिला घोट ओतला.

दादाचा घास हातातच राहिला. "हे काय करून राह्यला?"

"तिकडे जमिनीला आई म्हणतात, मामा," लेक म्हणाली. "नव्या ठिकाणी गेलं की पहिला घोट तिचा."

दादानं विचार केला. "मंग काल फरशीवर काऊन सांडला?"

लेकीनं त्याला त्याच्या भाषेत विचारलं. "तो म्हणतो, जमीन फरशीखालीच होती ना."

दादानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच ती दडवून ठेवली होती. "हिच्या घरी त्या मायले काई पोचतच नाई," तो मुलाला मराठीत म्हणाला. मुलानं जोरात मान डोलावली. दादानं त्याच्या हातावर आणखी एक भाकरी ठेवली.

लग्नाचं विचारायची माझी छाती होईना. दादानं सावकाश जेवण संपवलं, हात धुतले, रुमालाला पुसले.

"जवारी घरात आल्याबिगर मले सवड नाई," तो म्हणाला. "तारीख त्याच्या बादची धरा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ठेचा तिखट आहे असं मी म्हटलं, ते कुणी मानलं नाही. लेक मामाला बिलगली, तसा तो ओशाळला आणि बैलांकडे निघून गेला. थोड्या वेळानं तिकडूनच त्याचा आवाज आला.

"आन त्याले म्हणा, लग्नाले येताना तिकडलं मीठ आणजो थोडं. बैलाइले चाटाले होते."