सावली ते अहेरी, एका 'न चाललेल्या' गाडीतून

जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यायची हे माझ्या नवऱ्याने, म्हणजे प्रशांतने, एका व्हिडिओवरून ठरवलं. व्हिडिओतला गृहस्थ गुळगुळीत रस्त्यावर एका हाताने स्टिअरिंग धरून सांगत होता की इलेक्ट्रिक गाडी म्हणजे मनःशांती. त्याच्या सोसायटीत चार्जर, ऑफिसात चार्जर, मधल्या मॉलमध्ये चार्जर. त्याला मनःशांती नसेल तर कोणाला असणार? उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं?

आमचं घर चंद्रपूरला आणि माझी नोकरी अहेरीच्या एका बँकेत. मध्ये गोंडपिपरी, आष्टी आणि मग जंगल. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर, पण चंद्रपूरची शेवटची सोयीची बस आमचं शटर खाली यायच्या आधी निघून जाते. त्यामुळे कामाच्या शनिवारी मी अहेरीतच, आणि सहा वर्षांची आमची आर्वी चंद्रपूरला, आजीजवळ. महिन्यातून एकदा, फार तर दोनदा भेट. एका चार्जमध्ये अहेरी ते चंद्रपूर येईल अशी गाडी मिळाली, तर दर शनिवारी रात्री मी घरी. मला गाडीकडून एवढंच हवं होतं. पर्यावरण वाचवणं माझ्या यादीत नव्हतं, ज्यांच्या असेल त्यांनी खुशाल वाचवावं.

तर जाहिरात सापडली सावली गावची. 'फर्स्ट ओनर, शोरूम कंडिशन, फारच कमी चाललेली.' किंमत आमच्या आवाक्यातली, कारण आमच्या भागात जुनी इलेक्ट्रिक गाडी म्हटलं की लोक साप पाहिल्यासारखे मागे सरकतात. मालकाचं नाव विनायकभाऊ, धंदा मंडप डेकोरेशनचा. प्रशांत फोनवर पाच मिनिटं बोलला आणि म्हणाला, "माणूस चांगला वाटतो." प्रशांतला आजवर वाईट वाटलेला माणूस मी पाहिलेला नाही.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून मी चंद्रपूरला आले आणि महिन्याच्या दुसऱ्या, बँकेच्या सुट्टीच्या शनिवारी सकाळी आम्ही सावलीची बस पकडली. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रशांतच्या एका तिकिटात माझ्यासारख्या दोघी गेल्या असत्या. वाटेत मूल गावी बस थांबली तेव्हा स्टँडबाहेर आलूबोंडा आणि तर्री खाल्ली. तर्री चांगली झणझणीत होती, आलूबोंड्यात आलू शोधावा लागला. मूलच्या पुढे रस्ता उत्तम आहे. दोन्हीकडे धानाच्या रिकाम्या बांध्या, आणि होळी नुकतीच होऊन गेल्यामुळे मोहाच्या झाडांखाली टोपल्या घेऊन बसलेल्या बाया. हा प्रवास करणार असाल तर याच दिवसांत करा, पण दुपारच्या आत उरका.

विनायकभाऊंच्या अंगणात गाडी धुऊन पुसून उभी होती. बोनेटवर हळदीकुंकू होतं. विकायच्या गाडीची पूजा करणारा विक्रेता मी पहिल्यांदाच पाहिला.

"या जी, बसा. पानी घ्या आंधी," विनायकभाऊ म्हणाले. पन्नाशीचे, अंगाने भरलेले, बोलायला गोड.

मी पाणी घेतलं आणि खाली वाकले. जुन्या इलेक्ट्रिक गाडीत लोक रंग बघतात, सीट बघतात, गाणी कशी वाजतात ते बघतात. मुळात बघायचं असतं पोटाखाली. तिथे बॅटरीची पेटी असते आणि आपल्याकडचे गतिरोधक तिला खरवडून काढतात. इथे एक ओरखडा नव्हता. टायर नव्यासारखे. दरवाजे उघडताना दिवे मंद होत नव्हते, म्हणजे पुढची छोटी बारा व्होल्टची बॅटरी ठीक होती. ती मेली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी दगड होते. चार्जिंगचा प्लग जिथे खोचतात तो सॉकेट मात्र काळपटला होता, आणि कडा इतक्या झिजलेल्या की बँकेच्या काउंटरची आठवण व्हावी.

"एवढी कमी चालली, मग हे असं काऊन?" मी विचारलं.

"धूळ हाये जी ते. आमच्याकडं धूळ लय."

"बॅटरीची हेल्थ किती आहे?"

"शंभर टक्के," विनायकभाऊंनी छातीठोक सांगितलं. "रातीच चार्ज केली."

मी प्रशांतकडे पाहिलं. तो कौतुकाने मान डोलवत होता. बॅटरी किती भरली आहे आणि बॅटरी किती उरली आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्याला आदल्या आठवड्यात तीनदा समजावलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. सर्व्हिस सेंटरचा बॅटरी रिपोर्ट मागितला तर विनायकभाऊंनी इन्शुरन्सचा कागद पुढे केला.

मग मी माझी अट सांगितली. गावात एक गोल चक्कर मारून मी गाडी घेणार नाही. सावलीहून गडचिरोली, चामोर्शी, आष्टीवरून अहेरीपर्यंत चालवू. चंद्रपूर ते अहेरी जेवढं, जवळपास तेवढंच अंतर. पोहोचली तर सौदा पक्का. मला वाटलं, ते टाळतील. ते उलट खूश झाले.

"चाला ना जी. अहेरीच्या बाजूले अल्लापल्लीले माही साळी रायते. तिच्याकडं मुक्काम करून उद्या वापस येतो."

मी चालवायला बसले, विनायकभाऊ बाजूला, प्रशांत मागे. डॅशबोर्डवर शंभर टक्के. आणि खरं सांगायचं तर गाडी सुरेख होती. आवाज नाही, धक्का नाही. व्याहाडच्या पुढे वैनगंगेच्या पुलावर माझ्या मनात एक शनिवार येऊन गेला: आर्वी जागी आहे आणि मी दारात चप्पल काढते आहे. मी लगेच तो विचार झटकला, कारण असल्या विचारांवरच जुन्या गाड्या विकल्या जातात.

पुलापलीकडे एका चहाच्या टपरीवरून एक म्हातारा गाडी पाहून उठून उभा राहिला आणि हात वर करून ओरडला, "आज कुठी जी?"

विनायकभाऊंनी काच खाली करून सांगितलं, "सिजन सरला बावाजी, आता दिवाळीले."

"कसला सिझन?" मी विचारलं.

"असंच जी. ओळखीचे हायेत."

गडचिरोलीत पेट्रोल पंपासमोर एका पोराने शिट्टी मारली आणि गाडीच्या दिशेने हात जोडले. चामोर्शीच्या अलीकडे मोटारसायकलवरच्या दोघांनी हॉर्न वाजवून सलाम केला. प्रशांत म्हणाला, "बघ, माणसाला किती मान आहे." मला कळेना की मंडपवाल्याला लोक एवढा मान काऊन देऊन राह्यले. आणि ते विनायकभाऊंकडे बघतही नव्हते. गाडीकडे बघत होते.

चामोर्शीला जेवलो. बसस्टँडजवळ एक बाई खानावळ चालवतात: भात, वरण, वांग्याची भाजी, आणि मागितली तर वैनगंगेची मासळी. पैसे वाजवी, भात कितीही घ्या. नक्की जा. बाई ताट ठेवता ठेवता बाहेर उभी गाडी पाहून थबकल्या.

"हे नाटकाची गाडी ना?"

विनायकभाऊ भाताकडे बघू लागले.

बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या झाडीपट्टीत धान निघालं की दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्रभर नाटकं होतात. मंडप, स्टेज, दिवे, माईक सगळं विनायकभाऊंसारख्या माणसांचं. वीज जाते, म्हणून सोबत डिझेलचं जनरेटर.

"आंधी जनरेटर असं धडधड करे जी," बाई सांगू लागल्या, "का हिरोइनचा नवरा मेला तं तिचं रडनंच आयकू नाई ये. तीन सालाआंधी या भाऊनं हे गाडी लावली. वायर जोडली का सारे दिवे, माईक, पुरी रात. आवाजच नाई. ते बाई हुंदका द्याची तं मांगच्या लाइनीले आयकू ये. काय रडलो जी आमी."

काही इलेक्ट्रिक गाड्यांत ही सोय असते. चार्जिंगच्या सॉकेटला एक जोड लावला की गाडीची वीज बाहेर काढून त्यावर दिवे, पंखे, हवं ते चालवता येतं. कंपनीने ती सहलीत चहा उकळायला दिली असावी. विनायकभाऊंनी तिच्यावर रात्र-रात्र नाटकं काढली होती. बॅटरी पार रिकामी होईपर्यंत, आणि सकाळी शेतातल्या पंपाच्या लाइनवर, वरखाली होणाऱ्या दाबात, पुन्हा भरायची. असं तीन सिझन.

"आणि तुम्ही सांगितलं कमी चालली," मी म्हटलं.

"खोटं कुठी बोललो जी? गाडी उभीच होती." त्यांच्या आवाजात लाज औषधालाही नव्हती. उलट ते आता मोकळे झाले. "या भागात नाटक माह्याच मंडपात पाह्यजे म्हनतात लोकं. काऊन? रडनं आयकू येते म्हनून. दुसऱ्या कोनाकडं नाई ते."

"मग विकताय कशाला?"

"आता पुरी रात निंगत नाई ना जी. तिसऱ्या अंकात लाईट जाते."

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की प्रशांतनेसुद्धा हातातला घास ताटात परत ठेवला. जी बॅटरी तिसरा अंक काढत नाही, ती मला जंगलातून घरी आणणार होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

"तिथं उभी रायते, इथं चालते. चालाले काही झालं नाई तिले," विनायकभाऊ म्हणाले. "अहेरी पोचते का नाई पाहा."

मी तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण मला ती गाडी पोहोचायला हवी होती. सगळं कळूनही हवी होती, म्हणून मी पुन्हा स्टिअरिंगवर बसले.

आष्टीपर्यंत ती शहाण्यासारखी चालली. आष्टीच्या पुढे रस्ता हा शब्द सैल अर्थाने घ्यावा लागतो. खनिजाच्या ट्रकांनी त्याची चाळण केली आहे आणि लाल धूळ अशी बसते की झाडं कोणत्या जातीची ते ओळखू येत नाही. एसी बंद केला, वेग कमी केला. पस्तीस टक्के होते. एक चढ चढले, खाली पाहिलं, तर नऊ. मधले टक्के कुठे गेले ते कोणालाच माहीत नाही. गेल्या वर्षभरात मी वाचलेला सगळ्यात प्रसिद्ध दोष हाच होता: बॅटरीतला एखादा भाग खचला की आकडा असा धाडकन कोसळतो. मग डॅशबोर्डवर कासवाचं चित्र उगवलं आणि गाडी खरोखर त्याच्या चालीने निघाली.

पुढच्या गावात पिठाची चक्की होती, तिथे विजेचा जोड मिळाला. गाडी चार्जिंगला लावली की चक्की चालेना, चक्की लावली की गाडी चार्ज होईना. पिठाचे डबे घेऊन चार-पाच बाया ओट्यावर बसल्या. चक्कीवाल्याने बराच वेळ मीटरकडे पाहिलं आणि म्हणाला, "एवढ्यात तं मी साऱ्या गावाचं पीठ काढून देल्लो असतो." विनायकभाऊ त्या बायांना पुढच्या दिवाळीतल्या नाटकाची कथा सांगू लागले होते. बाया ऐकत होत्या.

मी झाडाखाली बसले. प्रशांत शेजारी येऊन बसला आणि मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "जाऊ दे ना. एवढं मनाला नको लावून घेऊ. आर्वीला आता सवय झालीय."

तो माणूस चांगलाच आहे. त्याला वाटलं, ही दिलासा देणारी गोष्ट आहे.

अल्लापल्लीकडे जाणारी एक काळीपिवळी जीप आली, त्यात आम्ही दोघं कोंबून बसलो. विनायकभाऊंनी हात हलवला आणि किंमत अजून कमी करतो असं ओरडून सांगितलं. रात्र अहेरीच्या माझ्या खोलीवर काढली. रविवारी बसने गोंडपिपरीमार्गे चंद्रपूर, प्रवास कंटाळवाणा, खिडकी मिळाली तर बरा.

आता जुनी इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांसाठी सल्ला. किलोमीटर विचारू नका, तो आकडा बिचारा खराच असतो. उभी असताना गाडी काय करत होती ते विचारा. सॉकेटच्या कडा बघा. रिपोर्टशिवाय विसार देऊ नका. आणि रोजचं तुमचं जेवढं अंतर, तेवढं चालवून बघितल्याशिवाय कोणाच्याही गोडव्यावर जाऊ नका, विशेषतः स्वतःच्या नवऱ्याच्या.

घरी पोहोचलो तेव्हा आर्वी जमिनीवर चित्र रंगवत होती. तिने वर पाहिलं, हसली, आणि विचारलं, "आई, तू परत कधी जाणार?"

रडून नाही, रागाने नाही. मी असले की ती माझ्याजवळ झोपते, नसले की आजीजवळ, आणि तिला रात्री उशी कुठे न्यायची ते ठरवायचं होतं.

मंगळवारी मी बदली होऊन चाललेल्या एका सहकाऱ्याची जुनी पेट्रोल गाडी घेतली. तिचा डावा आरसा तुटका आहे, एसी चालत नाही, आणि ती एवढं पेट्रोल पिते की वरच्या व्हिडिओवाल्याला झीट यावी. मी पोटाखाली वाकले नाही, टायर पाहिले नाहीत, एक गोष्ट तपासली नाही. ती सुरू झाली, एवढं मला पुरलं.

आता मी दर शनिवारी घरी येते. आर्वीचा तो प्रश्न थांबला असं लिहिलं तर मीही जाहिरातवाली होईन. अजून विचारते. फक्त आता विचारताना माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून ठेवते.