राईचं तेल

मला पोटची लेक नाय. दोन मुलगे, दोघंही कल्याणला. पण मला लेकच नाय असं आमच्या आळीत कुणी म्हणायचं नाय, कारण एक मानलेली हाय. तिचा नवरा मुरबाडला कंपनीत कामाला, म्हणून लग्न होऊन बिहारातून थेट आमच्या शेजारच्या खोलीत आली. मराठी एक शब्द येत नव्हता. तांदळाची भाकरी थापायला बसली की भाकरीही फुटायची आणि तिला रडूही फुटायचं.

तिला दिवस गेले तेव्हा माहेर इतकं लांब, जाणार कशी? मी म्हटलं, माझं घर तेच तुझं माहेर. डोहाळजेवण मी केलं. पोराला घेऊन सव्वा महिना ती माझ्या मागल्या खोलीत होती. तेव्हापासून, पंधरा वर्षं झाली, मला आये म्हणते, आणि दर संक्रांतीला ओटी भरून घ्यायला येते.

आळीला तिचं एकच खुपायचं, तेल. राईचं. कढई तापली की सगळ्यांच्या नाकात जायचं. माझी चुलत जाऊ विचारायची, "तुझ्या लेकीनं आज काय जाळलं गो?"

"मासळी तळली. खायची तर ये, नायतर नाक धर."

मला तर त्या तेलातली मासळी आवडायला लागली होती.

औंदा म्हसा गावच्या जत्रेआधी ओडिशाकडचं एक जोडपं खोली बघत आलं. तो कोंबड्यांच्या शेडवर कामाला, तिला सातवा महिना. मागली खोली देते, मी म्हटलं. पण बाहेरचा भाडेकरू ठेवायचा तर आमच्याकडे आळीला विचारावं लागतं. देवळात बायका बसल्या. मी निर्धास्त होते. कुणी नाय तरी माझी लेक बोलेल.

बोलली. पयली तीच बोलली.

"आये, आपल्या आळीत बाहेरची लोकं नकोत. त्यांच्या तेलाचा वास कसा असतो, तुला म्हायती नाय."

चुलत जाऊ फसकन हसली. "हिला म्हायती नाय व्हय?" पण हात तिनंही लेकीच्याच बाजूनं वर केला. मग सगळ्यांनीच केला.

मराठी काय सुरेख बोलली. एक शब्द अडखळला नाय. ते शब्द मीच तर दिले होते, चुलीपुढं बसवून.

वाटेत मी तिला गाठलं. "तू कशी आलीस इथं, इसरलीस?"

"इसरले नाय, आये. मी ते तेल सोडलं. माझ्या आईच्या हातची चव होती ती. सोडलं तेव्हा कुठं मला आपली म्हणायला लागले. यांना फुकट मिळायचं?"

"मी तुला सोड म्हटलेलं?"

"तू एकटी म्हणजे आळी नाय ना."

त्या जोडप्याला मी काय सांगणार? छप्पर गळतं म्हटलं, ऐन थंडीत. गेली ती शहापूरच्या बाजूला. जाताना ती पोटुशी बाई वाकून माझ्या पाया पडली.

संक्रांतीला लेक आलीच. पाटावर बसली, पदर पसरला. माहेराहून लेकीला रिकामं पाठवत नाहीत. मी तांदूळ घातले, नारळ ठेवला. उठता उठता म्हणाली, "आये, मागली खोली रिकामीच हाय ना? दहावीचं वर्ष हाय, पोराला अभ्यासाला दे की."

"दिलेली हाय," मी म्हटलं.

"कुणाला?"

मी तिच्या पदराला गाठ मारली. त्या खोलीचं कुलूप अजून मी काढलेलं नाय.