हिला न लागलेलं माझं रक्त

दत्तगुरूंवर मी एकदा चांगलाच रुसलो होतो. मीरा रोडच्या हॉस्पिटलात हिचं गर्भाशयातल्या गाठींचं ऑपरेशन झालं आणि रक्तस्राव थांबेना. डॉक्टर म्हणाले, रक्त लागेल. आम्हा नवरा-बायकोचा रक्तगट एकच. मनात म्हटलं, महाराज, एवढं एकच मागणं, माझं रक्त हिच्या कामी येऊ द्या.

हिच्या रक्ताचा नमुना घेऊन रिक्षाने भाईंदरची रक्तपेढी गाठली आणि बाही वर करून बसलो. तिथली मुलगी म्हणाली, "काका, तुमचं रक्त घेतो, पण टेस्टिंग झाल्याशिवाय कोणालाच देत नाय. काकूंसाठी टेस्ट केलेली पिशवी आहे, ती मॅच करून देते."

माझा पारा चढला. "अहो, घरचं रक्त आहे! देवाचा नैवेद्य कोणी आधी चाखून बघतं का?"

"देवाला चालत असेल काका, पेशंटला नाय चालत."

शेवटी रक्त दिलं आणि कोणा अनोळखी माणसाच्या रक्ताची पिशवी घेऊन परतलो. ती हिला चढली, रक्तस्रावही आटोक्यात आला. जीव भांड्यात पडला, पण मनात सल राहिलाच. इतकी वर्षं सेवा करतोय, आणि महाराजांनी माझा मान परक्याला दिला!

ही घरी आल्यावर रक्तपेढीतून बोलावणं आलं. डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं, माझ्या रक्तात हेपेटायटिस सी या यकृत बिघडवणाऱ्या विषाणूच्या अँटिबॉडीज सापडल्या होत्या. पिशवी त्यांनी नष्ट केली होती. पुढच्या तपासणीत विषाणूही निघाला. मला ना ताप, ना कावीळ, कुठून आला देव जाणे. वेळेवर कळल्यामुळे पुढे गोळ्यांनी मी बरा झालो, हिची तपासणीही स्वच्छ निघाली. पण त्या दिवशी डॉक्टरांसमोर बसलो असताना एकच विचार डोक्यात फिरत होता. हट्टाने मागितलेलं मिळालं असतं, तर तो आजार मीच माझ्या हाताने हिला दिला असता.

घरी येऊन हिला सांगताना रडू आवरेना. हिने पदराने माझं तोंड पुसलं. "तुमचं रक्त न घेताच इतकी वर्षं तुमची आहे ना मी? मग झालं तर!"

हल्ली महाराजांना मी काय द्यायचं ते सांगत नाही, त्यांच्यावर सोडून देतो. त्या अनोळखी दात्यासाठी मात्र रोज मागतो, जिथे असेल तिथे सुखी ठेवा. मी हाक मारली की स्वयंपाकघरातून हिची ओ येते, ती त्याच्यामुळेच येते.