द्रवात न गेलेला हायड्रोजन

प्रश्न असा होता : साध्या तापमानालाही द्रव राहणाऱ्या क्षारात — ज्याला आम्ही आयनिक द्रव म्हणतो — हायड्रोजन किती विरघळतो? त्याचे उत्तर मी दिले. ते कसे दिले, हे मात्र आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

रीत सोपी आहे. बंद भांड्यात द्रव ठेवायचा, वायू भरायचा, झडप लावायची. दाब जितका उतरेल तितका वायू द्रवात गेला, असे धरायचे. माझ्या भांड्यात दाब अपेक्षेहून बराच उतरला. जालन्याच्या आमच्या महाविद्यालयात माझ्या मार्गदर्शक सरांनी पाठ थोपटली. निबंध छापून आला. त्यानंतर एका दुपारी, भांडे पुन्हा जोडताना, सांध्याला साबणाचे पाणी लावून पाहिले. बुडबुडे आले. वायू विरघळत नव्हता — बाहेर जात होता.

तेव्हाच सांगता आले नसते का? आले असते. पण पदवी तोंडावर होती.

सुनंदा धावडा गावची, माझ्यामागून संशोधनाला आलेली. माझ्या आकड्यावर तिने आपले सारे काम उभे केले : द्रवात हायड्रोजन भरपूर आहे, तर त्याची रासायनिक क्रिया व्हायलाच हवी. ती होत नव्हती. आकड्यावर कोणाला शंका नव्हती, म्हणून दोष तिच्या उत्प्रेरकाकडे — क्रियेला वेग देणाऱ्या, तिने स्वतः बनवलेल्या पदार्थाकडे — गेला. सर सगळ्यांदेखत म्हणत, "सुनंदा, हा उत्प्रेरक आहे का पिठलं?" ती तो पुन्हा करायला घेई.

एकदा तिने मला विचारले, "दादा, तुमचा आकडा बराबर हाय ना? मी कुठं चुकून राह्यले, काहीच कळून न्हाई राह्यलं."

"बिलकुल बराबर," मी म्हणालो. वर तिला चहा पाजून धीरही दिला.

तिने संशोधन अर्धवट सोडले. मला पदवी मिळाली.

अलीकडे ती अंबडच्या बसस्थानकावर भेटली. शाळेत शिकवते. नवऱ्याला म्हणाली, "हे आमचे दादा. यांचा हात सोन्याचा. माझाच कच्चा निघाला." विश्वासघात झाला तिचा, आणि तो करणाऱ्याचीच ती ओळख करून देत होती — कौतुकाने. मी काय केले? हसलो.

तिचा हात कच्चा नव्हता. माझा आकडा खोटा होता, आणि मला ते ठाऊक होते.

तो आकडा अजूनही इतरांच्या निबंधांत उतरवला जातो. आता माझ्या या शब्दावरही विसंबू नका. आधी भांडे रिकामे ठेवून वायू भरा, दाब स्थिर राहतो का पाहा. मग द्रव घाला, आणि स्वतः मोजा.