आईंची हुडहुडी

माझ्या सासूबाईंना चेन्नईत एकच गोष्ट कमी पडत होती. थंडी.

बाकी त्यांची काही तक्रार नव्हती हो! सासरे गेल्यावर साताऱ्याकडचं घर बंद करून त्या आमच्याकडे पोरूरला आल्या, त्याला चार वर्षं झाली. इडली आवडली, शेजारणी आवडल्या, दारात कोलमची रांगोळी काढायलाही शिकल्या. पण डिसेंबर लागला की चेहरा उतरायचा. इथे त्या दिवसांत लोक पहाटे कानटोप्या घालून देवळात जातात. (त्या वेळी आमच्या घरात पंखा पाचावर असतो!) आई गॅलरीतून त्या कानटोप्यांकडे हेव्यानं बघत राहायच्या.

"अगं, यांना कुठून मिळते गं थंडी?"

"मानायची असते, आई."

"मला नाही बाई मानता येत. एकदा चांगली हुडहुडी भरू दे, दातावर दात वाजू देत. मग मी मरायला मोकळी!"

'मरायला मोकळी' ऐकलं आणि आमचे हे विरघळले. हे श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात आहेत. तिथे सुट्टी मागितली की साहेब आजारी पडतो. तरी यांनी शनिवार-रविवारला एक सोमवार चिकटवला आणि कोडाईकॅनॉलचा बेत ठरला. अर्थात आमच्या ऐपतीतला! जाताना स्लीपरचा डबा, घाटात सरकारी बस आणि बसस्टँडमागचं एक लॉज. गरम पाणी फक्त सकाळी, तेही जो आधी उठेल त्याला.

आता थंडीच्या गावी म्हातारं माणूस न्यायचं म्हणजे जबाबदारी कोणाची? सुनेची! उद्या काही झालं तर साताऱ्याकडे तोंड कोण दाखवणार? मी आईंसाठी गरम बंडी, स्वेटर, शाल, मफलर, कानटोपी आणि मोजे असा सरंजाम घेतला. घाट सुरू झाल्याबरोबर एकेक चढवत गेले. वर पोचेपर्यंत आईंचं फक्त नाक दिसत होतं.

कोडाई म्हणजे काय सांगू! ढग रस्त्यावरून चालत येतात, दुकानात शिरतात. झाडांना शेवाळाची लोकर. प्रत्येक पॉइंटवर माणसं रांगेनं उभी राहून पांढरं धुकं बघत होती आणि "वा!" म्हणत होती. आम्हीही म्हणालो. आई तेवढ्या मफलरशी झटापट करत होत्या.

"काय झालं, आई? थंडी वाजतेय?"

मफलरमधून आवाज आला, "घाम येतोय."

"काय?"

"घाम, घाम! जरा शाल काढू का?"

"अजिबात नाही!"

"मग टोपी तरी?"

"कानातून थंडी शिरते, आई!"

"अगं, शिरू दे की! तेवढ्यासाठीच आलेय ना मी!"

हे म्हणाले, "तिचं ऐक गं आई, तिला कळतं त्यातलं." (घरी कधी म्हणत नाहीत!) दोन दिवस आई कोडाईच्या थंडीतून पार्सलासारख्या फिरल्या. दुसऱ्या संध्याकाळी पलंगावर बसून खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "उद्या परत निघायचं, नाही का?" आवाज अगदी बारीक झाला होता.

काहीतरी करायला हवं होतं. थंडी नाही तर निदान गावाकडची चव! मी ठरवलं, ठेचा! बाजरीच्या भाकऱ्या घरून आणल्याच होत्या. पिशवीत विजेची छोटी शेगडी, तवा, मिरच्या, लसूण सगळं होतं. खोलीत स्वयंपाक करायला मनाई होती. पण ठेच्याला कोणी स्वयंपाक म्हणतं का? धुकं आत येत होतं म्हणून खिडकी घट्ट लावली. वास बाहेर जाऊ नये म्हणून दाराच्या फटीला टॉवेल लावला. आणि तव्यावर मूठभर मिरच्या टाकल्या. (बंद खोलीत! एवढी वर्षं संसार केला मी!)

पहिला ठसका यांना लागला, दुसरा मला, तिसरा भिंतीपलीकडच्या नवपरिणीत जोडप्याला. हे डोळे चोळत दाराकडे धावले, टॉवेलात अडकले आणि दारासकट पॅसेजमध्ये उघडले. मग काय, धूर सगळ्या मजल्यावर! कोणीतरी "फायर! फायर!" ओरडलं. मॅनेजर नाकाला रुमाल लावून आला.

"एन्नम्मा इदु?" म्हणजे हे काय चाललंय बाई, असं त्यानं मला विचारलं.

"ओन्नुम इल्ले, ओन्नुम इल्ले," म्हणजे काहीच नाही म्हणत हे शिंकत होते. मागे तवा धूर ओकत होता.

सगळं लॉज अंगणात जमलं. खोकताहेत, रडताहेत, माझ्याकडे बोट दाखवताहेत. आणि एकदम मला आठवलं. आई!

आई अंगणाच्या कडेला उभ्या होत्या. मफलरमध्ये जीव गुदमरला म्हणून त्यांनी टोपी, शाल, स्वेटर सगळं वाटेत भिरकावून दिलं होतं. अंगावर नुसतं लुगडं, पाय अनवाणी, आणि भोवती ते गारढोण धुकं. त्या लटलट कापत होत्या. दात कडकड वाजत होते. मॅनेजर घाबरून फोन काढायला लागला. मी शाल घेऊन धावले.

"थांब! जवळ येऊ नकोस!"

"आई, अहो, कापताय तुम्ही!"

"भरलीय गं! चार वर्षांनी भरलीय! घालवू नकोस!"

हसत होत्या हो त्या! हाताच्या कातडीवर उभा राहिलेला काटा मला दाखवत होत्या, लहान मुलीनं नव्या बांगड्या दाखवाव्यात तशा. मग म्हणाल्या, "तुझे सासरे मला अशीच कुडकुडू द्यायचे बघ. म्हणायचे, आधी थंडी तर वाजू दे, मग पेटवतो शेकोटी. कुडकुडले की त्यांची आठवण कशी अगदी जवळ येते. तिकडे उकाड्यात ती सापडतच नव्हती गं मला."

मला रडू कोसळलं. मिरचीनं सगळेच रडत होते म्हणून बरं, कोणाला वेगळं दिसलं नाही. मी शाल काखेत धरून त्यांच्याशेजारी उभी राहिले. मॅनेजरनं शेवटी स्वतःच चार लाकडं पेटवली, तेव्हाच आई शेकायला बसल्या. ठेचा मात्र जळाला होता. भाकरी कोरडीच खाल्ली, आणि नवपरिणीत जोडप्यालाही दिली.

दुसऱ्या दिवशी बस घाट उतरत होती. आईंनी उत्साहानं साताऱ्याला धाकट्या बहिणीला फोन लावला.

"अगं, काय सांगू तुला! सुनेनं बंद खोलीत मिरच्यांची धुरी दिली! मग थंडीत बाहेर काढलं! अनवाणी! लुगड्यावर! लटलट कापत होते बघ मी! आणि मजा अशी..."

तिथे वळण आलं आणि रेंज गेली.

खाली पोचल्यावर माझ्याच फोनवर मावशी. "मुली, जड झाली असेल तर सांग. माझ्या बहिणीला आम्ही घेऊन जातो!"

खुलासा करायला मी तोंड उघडलं, आणि लक्षात आलं, मावशींनी ऐकलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं. शेजारी आई डोळे मिटून, स्वतःचे दंड कुरवाळत, गालातल्या गालात हसत होत्या.

म्हटलं, "हो मावशी, काढलं बाहेर. पुढच्या डिसेंबरातही काढणार आहे."

आता साताऱ्याकडे लग्नाला गेलं की बायका आपापल्या सासवांना माझ्यापासून चार हात लांब बसवतात.