फुलं खुडणारी कासोंदे

कासोंदेला लोक नावं ठेवत, तिच्या चिकांडाला मात्र नाही. चिकांडा म्हणजे पाणथळ गवतात उगवणाऱ्या फुलझाडांचे कंद वाळवायचे, कुटायचे, शेंगदाण्याच्या कुटात घोटून निखाऱ्यांवर जाड वडी शिजवायची. नवरा तांब्याच्या खाणीकडे गेला तो गेलाच. या वडीवर तिनं मुलगा वाढवला.

आसपासची पाणथळ कुरणं खणून खणून ओसाड झाली होती. उरलं होतं तिच्या आईचं एक कुरण. तिथली फुलं गंधकी, वरची पाकळी टोपीसारखी, मागे सुईसारखी लांब शेपटी. तिन्हीसांजेला वास सुटे आणि पतंग येत. फुलाच्या दांड्याला पान नसे. पानं वीतभर पलीकडे, गवतासारखीच. बी धुळीइतकं बारीक. घरामागे तिनं अनेकदा पेरून पाहिलं, रुजलं नाही. त्या मातीशिवाय त्याला जगायचंच नव्हतं.

तिचा थोरला भाऊ चिपाशा गावचा मुखिया. त्यानं ते कुरण कंद खणून न्यायला लॉरीवाल्याला कबूल केलं.

"एकदा उपटलं की संपलं, दादा."

"जन्मभर खणलंस, आता देवभोळी झालीस होय?"

"पोटापुरतं खणलं. दोन सोडून तिसरं. तुझी लॉरी काय सोडणार? टायरांचे चर?"

"उद्या सकाळी माणसं येतील. तू घरी बस."

ती घरी बसली नाही. उजाडता उजाडता गवतात शिरली आणि एकेक दांडा खुडत सुटली. बोटं चिकट झाली. खुडलेल्याला यंदा बी धरणार नाही, हे तिला कळत होतं. पण फुलं दिसली नाहीत तर खणायचं कुठे हे कुणाला कळणार नाही, कंद मातीत राहतील. प्रत्येक फूल तोडताना ती शिवी देत होती, कुणाला ते तिचं तिलाच ठाऊक.

कुदळी घेऊन माणसं आली. कमरेएवढं गवत, हिरवंच हिरवं. चार ठिकाणी खणलं, नुसती गवताची मुळं.

"फुलं कुठायत?" चिपाशा ओरडला.

वारुळाला पाठ टेकून बसलेल्या कासोंदेनं टोपली पुढे सरकवली. "ही घे. लॉरी सजव."

माणसं हसली. चिपाशा तरातरा जवळ आला आणि थबकला. तिच्या पाठीमागे, वारुळाच्या आडोशाला, एक दांडा उभा होता. तेवढा एकच बियाण्यासाठी ठेवलेला. त्याच्याभोवती नीट पाहिलं असतं तर पानंही ओळखू आली असती, आणि मग सगळ्या कुरणातले कंद उघडे पडले असते.

"ऊठ," तो हळूच म्हणाला.

"नाही उठत."

"मुखिया सांगतोय."

"मुखिया! तुझ्यामागे तुझी गादी कुणाची रे? तुझ्या पोरांची नाही, आपल्या रीतीनं बहिणीच्या पोराची. माझ्या पोराची. त्यानं कसली राखण करायची, वारुळांची? हात धर आणि उचल मला, या सगळ्यांदेखत."

लॉरीवाला लांबून विचारत होता, सापडलं का काही?

चिपाशाचा हात पुढे आला आणि तसाच मागे गेला. कासोंदेनं पाठ आणखी रुंद केली आणि कमरेला गुंडाळलेल्या चितेंगे कापडाचा पदर दांडा झाकेल असा वारुळावर पसरला.