सूर्यातल्या काळ्या रेघा

मलकापूरला आमच्या दारात कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड पडलं. वाचायच्या आधीच समजलं, कोणीतरी गेलं... लोणारला माझा थोरला भाऊ, दादा, तापाने गेला होता. त्याला आता दीड महिना झाला.

दादा तालुक्याच्या शाळेत शास्त्र शिकवायचा. सुटीत घरी आला की माळवदावर दुर्बीण, लोलक आणि पत्र्यातली बारीक फट जुळवून सूर्याचा उजेड फोडत बसायचा. माझं लग्न व्हायचं होतं, मदतीला मीच. एकदा त्याने मला सरोवराकाठचा खार आणायला लावला आणि स्पिरिटच्या ज्योतीत टाकला. लोलकातून पाहिलं तर एकच पिवळीधमक रेघ. "सूर्यात याच जागी काळी रेघ आहे," तो म्हणाला. "आपल्या तळ्यातलं खारं तिथंबी आहे, शांते!" पुढे त्याला तारे वाचायचे होते. राखेवरून चुलीत काय जळलं ते कळतं. तसं ताऱ्यांच्या उजेडावरून कोणता आधीचा, कोणता मागून झालेला, हे आकाश कसकसं भरत गेलं, ते कधीतरी कळेल असं त्याला वाटे. पण आधी सूर्य पाठ व्हायला हवा होता.

बारीक रेघा दिसेनात, तेव्हा त्या उन्हाळ्यात त्याने जास्त उजेडासाठी डोळ्यापुढची काजळी धरलेली काच काढून टाकली. "मलेही पाहू दे," मी म्हटलं. त्याने मला मागे सारलं. "तू नको पाहू. एकाचे डोळे गेले तर तेवढे पुरे."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. त्या क्षणापासून मलाही. तरी बाबांनी खालून "काय करून राह्यला तो?" असं विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "वाचून राह्यला."

त्याच्या नजरेच्या मधोमध डाग पडला. तरी तो पाहतच राहिला, डाग वाढत गेला. शाळेत वर्षभर लपवलं. मग फळ्यावर ओळीवर ओळ चढू लागली, मुलं हसू लागली, आणि त्याला घरी बसवलं. तारा एकही वाचून झाला नाही.

पुढे एकदा माहेरी गेले असताना मी त्याला म्हणाले, "दादा, मी बाबांले सांगायले पाह्यजे होतं."

तो म्हणाला, "हाव. पाह्यजे होतं." मला समजावलं नाही, की रागावलाही नाही.

तेरवीला गेले तेव्हा वहिनी माझ्याशी बोलायला ओसरीवर आल्या. समोर जागा होती, तरी माझ्या अगदी कडेला, भिंतीला टेकून बसल्या. मी मान वळवली तशा ओशाळल्या.

"त्यांले समोरचं माणूस दिसत नव्हतं ना, शांताबाई. कडेचं तेवढं दिसे. आता मले कोणाच्या समोर बसताच येत नाही."